रोग्याचा होकार : प्लेगपासून एड्सपर्यंत

साथीच्या रोगाचा इतिहास लिहितांना बहुधा दोघांचींच नांवें घेतलीं जातात. एक, रोगाचें कारण शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाचें, आणि दुसरें, साथीचा बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याचें. ज्याच्या अंगांत तो रोग शिरला, ज्याच्या रक्तावरून तो शोध लागला, ज्याच्या उंबऱ्याशीं तो अधिकारी येऊन उभा राहिला, तो तिसरा मनुष्य या इतिहासांत केवळ आंकड्याच्या रूपानें वावरतो. इतके आजारी पडले, इतके दगावले, एवढें सांगितलें कीं त्याची वार्ता संपते. परंतु महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशें वर्षांकडे पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, या तिसऱ्या मनुष्यास विश्वासांत घेतलें कीं नाहीं, यावरच पुष्कळदां साथीच्या बंदोबस्ताचें यश अवलंबून राहिलें आहे. या दृष्टीनें दोन साथी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. एक, १८९६ सालीं मुंबईंत उतरलेली प्लेगची, आणि दुसरी, १९८६ सालीं भारतांत प्रथम ओळखूं आलेली एचआयव्हीची.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग होय, असें निदान केलें. पुढें थोड्याच दिवसांत शहरांत घबराट उडाली. रोग्यांना बळेंच रुग्णालयांत नेण्यांत येऊं लागलें. तेथें नेलेला मनुष्य परत येत नाहीं, अशी समजूत चाळींचाळींतून पसरली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्यानें प्रवाशांना अडविण्याचा, तपासण्याचा आणि वेगळें ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांच्या हातीं आला. पुण्यांत रँड साहेबांच्या हाताखालीं गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊं लागल्या. माजघरापर्यंत व देवघरापर्यंत परका पाय पोंचला. परिणाम असा झाला कीं, लोक रोगापेक्षां बंदोबस्ताला अधिक भिऊं लागले, घरांतला रोगी लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्याबरोबर रोगही लपून वाढूं लागला. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

परंतु त्याच काळीं त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, हडपसरच्या बाजूस, दुसराही एक बंदोबस्त चालला होता. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. तेथें सोजीर नव्हते. सावित्रीबाई स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत, आणि ती करतां करतां त्यांना प्लेगनें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोग एकच, शहर एकच, वर्षही एकच. एका ठिकाणीं रोगी पकडला जात होता, दुसऱ्या ठिकाणीं रोग्याची सेवा होत होती. या दोहोंतील अंतर औषधांचें नव्हतें, कारण त्या वेळीं प्लेगवर खात्रीचें औषध कोणाजवळच नव्हतें. तें अंतर वागणुकीचें होतें.

याच सुमारास मुंबईंत संशोधनाचीही एक मोठी घटना घडत होती. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं जे. जे. रुग्णालयाशेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगवरील लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. जो धोका दुसऱ्यास पत्करावयास सांगावयाचा, तो आधीं आपण पत्करावा, ही त्यांची वृत्ति खरोखर थोर होय. पुढें महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां तेथील जे कैदी तयार झाले त्यांना लस टोंचण्यांत आली. टोंचलेल्यांत रोगाचें प्रमाण न टोंचलेल्यांपेक्षां पुष्कळ कमी राहिलें आणि लशीची उपयुक्तता पटली. त्या कैद्यांनीं होकार दिला होता हें खरें. परंतु ज्याच्याभोंवतीं तुरुंगाच्या भिंती आहेत, त्याच्या होकारास किती मोल द्यावें, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणास सुचला नाहीं. तो प्रश्न पुढें ९० वर्षांनीं, अगदीं वेगळ्या रोगाच्या निमित्तानें, पुनः उभा राहावयाचा होता.

१९८६ सालीं मद्रास मेडिकल कॉलेजांतील डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनीं भारतांतील एचआयव्हीचे पहिले बाधित रुग्ण शोधून काढले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यांत त्यांचा जन्म झाला होता. पुढें १९९३ सालीं त्यांनीं एड्सच्या संशोधनासाठीं व उपचारासाठीं संस्था काढली, तिला आपल्या वडिलांचें, वाय. आर. गायतोंडे यांचें नांव दिलें. १९८६ च्या त्या शोधासाठीं रक्ताचे नमुने घेतले गेले ते वेश्याव्यवसायावरून ताब्यांत घेऊन सुधारगृहांत ठेवलेल्या स्त्रियांचे. नमुने कशासाठीं घेतले जात आहेत, हें त्या स्त्रियांना सांगितलें गेलें नव्हतें. शोध अत्यंत महत्त्वाचा होता. त्यामुळेंच देशास वेळीं सूचना मिळाली. तरी भायखळ्याचा तुरुंग आणि मद्रासचें सुधारगृह यांतील साम्य डोळ्याआड करतां येत नाहीं. दोन्ही ठिकाणीं ज्ञान मिळालें तें बंदिस्त माणसांच्या अंगावरून.

आणि बंदोबस्ताची जुनी रीतही लौकरच परत आली. १९८९ सालीं गोव्यांतील पर्रा गांवचे तरुण डॉमिनिक डिसूझा हे नेहमींचे रक्तदाते होते. त्यांच्या रक्तांत एचआयव्ही सांपडल्यावर त्यांना पोलिसांनीं ताब्यांत घेतलें व म्हापशाच्या एका ओस पडलेल्या क्षयरोग-आरोग्यधामांत ६४ दिवस कोंडून ठेवलें. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत तशी तरतूदच होती. त्यांच्या मातोश्री लुसी डिसूझा यांनीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठापुढें दाद मागितली. परंतु न्यायालयानें ती तरतूद उचलून धरली. एका बाधित मनुष्यास कोंडल्यानें साथ कोंडली जात नाहीं. उलट दहा माणसें रक्त तपासून घेण्यास कचरतात, हा प्लेगचा धडा ९२ वर्षांनींही गिरविला गेला नव्हता. डॉमिनिक १९९२ सालीं वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं बाधितांसाठीं गोव्यांत 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली होती. ज्याला कोंडलें त्यानेंच दार उघडून दिलें, असें या घटनेविषयीं म्हणतां येईल.

बाधित लोकांनीं स्वतः बोलावें, हा विचार त्या आधींच परदेशांत मूळ धरूं लागला होता. १९८३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं भरलेल्या परिषदेंत एड्स झालेल्या कांहीं मंडळींनीं आपला जाहीरनामा वाचून दाखविला. आम्हांला बळी म्हणूं नका, आमच्याविषयींच्या प्रत्येक निर्णयांत आम्हांला जागा द्या, असा त्याचा आशय होता. १९८८ च्या ऑक्टोबरांत अशाच मंडळींनीं अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण कचेरीस घेराव घातला आणि नवीं औषधें तपासण्याच्या रीतींत सुधारणा मागितली. वैद्यकाच्या इतिहासांत रोगी प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन, मला तपासा पण मला विचारून तपासा, असें इतक्या स्पष्टपणें प्रथमच म्हणत होता.

महाराष्ट्रांत हा विचार विद्यापीठांतून आला नाहीं. तो सांगलीच्या गोकुळनगर वस्तींतून आला. १९९२ सालीं मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकारानें तेथें 'संपदा ग्रामीण महिला संस्था', म्हणजे 'संग्राम', ही संस्था सुरू झाली. वेश्याव्यवसायांतील स्त्रियांना एचआयव्हीपासून बचावाची माहिती देणें व निरोध पुरविणें हें तिचें आरंभींचें काम. पण बाहेरच्या माणसानें येऊन उपदेश करावा आणि बायकांनीं खालीं मान घालून ऐकावा, ही पद्धत तेथें टिकण्याजोगी नव्हती. गिऱ्हाईक निरोध कां नाकारतें, दवाखान्यांत कोणती वागणूक मिळते, पोलिसांच्या धाडीनंतर कोण कोठें पांगतें, हें त्या स्त्रियांनाच ठाऊक होतें. म्हणून वाटपाचें, शिकवण्याचें व आजाऱ्यांना दवाखान्यांत नेण्याचें काम त्यांच्याच हातीं आलें. १९९६ सालीं त्यांनीं 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' ही आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढें २०११ सालीं देशांतील वेश्याव्यवसायांतील स्त्रियांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पुण्याचे अभ्यासक रोहिणी साहनी व कल्याण शंकर यांनीं ती केली होती आणि तींत १४ राज्यांतील सुमारें ३,००० स्त्रियांची माहिती गोळा झाली होती. या पाहणीस सांगलीच्या संस्थेचें व अशा स्त्रियांच्या संघटनांचें साह्य होतें. ज्यांच्या रक्ताचा नमुना पूर्वीं न सांगतां घेतला जात असे, त्यांच्याच संघटना आतां संशोधनाच्या कामांत हातभार लावूं लागल्या होत्या.

पुण्यास मात्र प्रयोगशाळेचें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें. १९९२ सालीं भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनीं १९९३ पासून शहरांतील गुप्तरोग-दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांचा अभ्यास केला. १९९७ सालीं त्यांतून एक धक्कादायक निष्कर्ष पुढें आला. ज्या स्त्रिया वेश्याव्यवसायांत नव्हत्या, अशा दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांपैकीं १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची बाधा झालेली आढळली. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशींही त्यांचा संबंध आलेला नव्हता. रोग वस्तींतला आहे, घरंदाजांचा नव्हे, ही समजूत या एका आंकड्यानें कोसळली. हा आंकडा मिळाला तो केवळ रक्त तपासून नव्हे. आपल्या संसाराविषयीं परक्यापुढें बोलणें किती अवघड असतें, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच त्या स्त्रियांच्या उत्तरांचें मोल कळेल. तें बोलणें झालें नसतें, तर रक्ताच्या तपासणीवरून बाधा कळली असती, तिची वाट कळली नसती.

यानंतर लशीचा प्रश्न आला. त्याच सुमारास दूरदेशीं घडलेली एक हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. टेनोफोव्हिर नांवाचें औषध निरोगी मनुष्यानें आगाऊ घेतल्यास एचआयव्ही टळतो काय, हें पाहण्यासाठीं कंबोडियांतील वेश्याव्यवसायांतील स्त्रियांवर प्रयोग योजला होता. प्रयोगांत कांहीं अपाय झाला तर पुढें आमची काळजी कोण घेणार, असा त्या स्त्रियांच्या संघटनेचा प्रश्न होता. त्यांना समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं, आणि २००४ च्या ऑगस्टांत तेथील सरकारनें प्रयोग बंद पाडला. पुढील वर्षीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशांतही तोच प्रयोग स्थगित झाला. या हकीकतींतील खेदाची गोष्ट अशी कीं, औषध चांगलें होतें. २०१० सालीं इतरत्र झालेल्या प्रयोगानें टेनोफोव्हिरयुक्त गोळीनें एचआयव्हीची बाधा टळूं शकते, हें सिद्ध केलें. म्हणजे त्या स्त्रियांचा प्रश्न रास्त होता आणि शास्त्रज्ञांचा तर्कही खरा होता. दोघांची वेळेवर गांठ मात्र पडली नाहीं, आणि नुकसान दोघांचें झालें. या अनुभवानंतर २००७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनें अशा प्रयोगांत लोकांचा सहभाग कसा घ्यावा, याचे नियम प्रसिद्ध केले.

पुण्यांत लशीचा पहिला प्रयोग ७ फेब्रुवारी २००५ रोजीं सुरू झाला. प्रयोग प्राथमिक अवस्थेंतला होता. लस सुरक्षित आहे काय आणि शरीर तिला कांहीं प्रतिसाद देतें काय, एवढेंच त्यांत पाहावयाचें होतें. त्यासाठीं ३० निरोगी स्त्रीपुरुष स्वयंसेवक घेण्यांत आले. त्यापूर्वीं संस्थेनें समाजांतील निरनिराळ्या थरांतल्या मंडळींचें सल्लागार मंडळ बसविलें होतें, आणि स्वयंसेवी संस्थांशीं विचारविनिमय चालविला होता. समजावून सांगण्याच्या गोष्टी सोप्या नव्हत्या. या लशीमुळें एचआयव्हीची बाधा होणें शक्य नाहीं; पण ती घेतल्यानें बाधेपासून बचाव होईल असेंही समजूं नये. लस घेतलेल्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार झालीं, तर साध्या तपासणींत बाधा नसतांही बाधा दिसण्याचा संभव असतो, मग नोकरीच्या वा लग्नाच्या वेळीं तो घोटाळा कसा निस्तरावा? मध्येंच प्रयोग सोडावासा वाटला, तर सोडतां येतो. हें सारें कळून जो होकार देईल, तोच खरा होकार. प्रयोगाअंतीं लस सुरक्षित ठरली, पण शरीराचा प्रतिसाद बेताचाच आढळला, आणि ती लस पुढें चालविण्यांत आली नाहीं. लशीच्या दृष्टीनें प्रयोग फसला असें कोणी म्हणेल. परंतु १८९७ सालीं लशीसाठीं तुरुंगाकडे जावें लागलें होतें, आणि २००५ सालीं मोकळीं माणसें विचार करून, प्रश्न विचारून आपल्या पायांनीं चालत आलीं, ही प्रगति लहान नव्हे.

उपचाराच्या संशोधनांतही पुण्याचा वांटा आहे. एचआयव्हीवरील औषधें लौकर सुरू केलीं, तर रोग्याच्या जोडीदारास होणारी बाधा टळेल काय, हें पाहण्यासाठीं नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यांत एकाला बाधा होती, दुसऱ्याला नव्हती. भारतांत हें काम दोन ठिकाणीं चाललें, पुण्याच्या संस्थेंत आणि चेन्नईच्या गायतोंडे केंद्रांत. २०११ सालीं निष्कर्ष जाहीर झाला. ज्या २८ प्रसंगीं बाधा जोडीदाराकडून जोडीदारास झाली असें सिद्ध झालें, त्यांपैकीं २७ प्रसंग औषध उशीरा सुरू केलेल्यांत घडले, लौकर सुरू केलेल्यांत एकच. संसर्ग ९६ टक्क्यांनीं घटला. जगाची उपचारपद्धति या निष्कर्षानें बदलली. त्यामागें अशीं जोडपीं होतीं कीं, ज्यांनीं आपला रोग आधीं एकमेकांस सांगितला होता आणि मग वर्षानुवर्षें दवाखान्याच्या फेऱ्या केल्या होत्या. त्यांचीं नांवें कोठेंही छापलेलीं नाहींत, आणि तीं न छापणें हाच त्यांचा हक्क आहे.

औषध सिद्ध झालें म्हणजे तें पोंचलें असें मात्र होत नाहीं. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं, ज्या उपचारास वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई, तो ३५० डॉलरांत देऊं केला. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें आठ रुग्णालयांत हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला. मुंबईचें जे. जे. रुग्णालय हें त्यांपैकीं एक. हाफकिन यांनीं जेथें लस सिद्ध केली, तेंच हें आवार. पण अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या परिसरांत राहणाऱ्या एखाद्या कामगारास या आवारापर्यंत पोंचण्यास लोकलनें ५० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून भायखळ्यास उतरावें लागे. गोळ्या महिन्याच्या महिन्यास मिळत. म्हणजे दरमहा एक दिवसाची मजुरी बुडे आणि दरमहा रजेचें कारण सांगावें लागे. उल्हासनगरच्या कारखान्यांतील वा बदलापूरच्या बांधकामावरील मजुराची गोष्टही वेगळी नसे. गोळी चुकली तर विषाणु औषधास दाद देईनासा होतो. तेव्हां गोळी चुकते कां, हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच गाडीच्या वेळापत्रकाचा आणि मुकादमाच्या स्वभावाचा आहे. त्याचें उत्तर रक्ताच्या थेंबांत सांपडत नाहीं; तें रोग्यासच विचारावें लागतें. पुढें उपचार-केंद्रें वाढत गेलीं, तीं रोग्यांच्या घरांजवळ आलीं, आणि स्वतः बाधित असलेलीं माणसें नव्या रोग्यांस धीर देण्याच्या कामीं नेमलीं जाऊं लागलीं. २०१७ सालीं निदान होतांच उपचार सुरू करण्याचें धोरण देशानें स्वीकारलें.

त्याच वर्षीं एचआयव्ही व एड्सविषयींचा कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलांत आला. या कायद्याप्रमाणें कोणाचीही एचआयव्हीची तपासणी, ज्याला बाधा आहे त्याचा उपचार आणि त्याच्यावरील संशोधन, या तिन्ही गोष्टी, कायद्यानें सांगितलेले अपवाद सोडल्यास, त्या मनुष्यानें समजून दिलेल्या संमतीवांचून करतां येत नाहींत. नोकरींत, शाळेंत, दवाखान्यांत भेदभाव करण्यासही त्यानें मनाई केली. डॉमिनिक डिसूझांच्या ६४ दिवसांस हें देशानें दिलेलें उत्तर म्हणावें लागेल.

असें असलें तरी १८९७ चा कायदाही इतिहासजमा झालेला नाहीं. २०२० सालीं कोविडची साथ आली, तेव्हां सरकारनें प्रथम त्याच कायद्याकडे धांव घेतली. साथ अकस्मात आली म्हणजे सक्तीचा मोह होतो, आणि क्वचित् प्रसंगीं सक्ति अपरिहार्यही असते. परंतु सक्तीनें मनुष्य थांबवितां येतो. त्याच्याकडून खरें बोलणें मिळवितां येत नाहीं. एचआयव्हीसारखा रोग वर्षानुवर्षें गुप्त राहतो, तो खऱ्या बोलण्यावांचून सांपडत नाहीं आणि रोग्याच्या मनधरणीवांचून आटोक्यांत राहत नाहीं. पुण्याच्या प्लेगांत घराघरांतून रोगी लपविले गेले. सांगलीच्या वस्तींत स्त्रियांनीं आपल्याच आजारी मैत्रिणींस हात धरून दवाखान्यांत आणलें. दोन्ही ठिकाणीं माणसें तशींच भित्रीं, तशींच धीट आणि तशींच शहाणीं होतीं. त्यांना विचारणारें कोणी होतें कीं नव्हतें, एवढाच काय तो भेद.